पॅरिसच्या आगीत हरवलेला गवंडी : फ्रेंच वंशावळीचा ऑनलाइन शोध

रोनकाठची (धागाकर्ती)

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी ल्यों शहरात राहते. नवरा फ्रेंच आहे. गेल्या दिवाळीत भारतात आलो असताना माझ्या वडिलांनी आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत नातीच्या हातात ठेवला. तिने त्यात स्वतःच्या पणजोबांचे नाव शोधून काढले आणि परतीच्या विमानात विचारले, "बाबांकडचे असे पुस्तक का नाही?" सासऱ्यांना विचारले तर त्यांना स्वतःच्या आजोबांच्या पलीकडचे काहीच ठाऊक नव्हते. "आम्ही पॅरिसचे, एवढेच माहीत आहे," असे ते म्हणाले. त्या दिवसापासून मी या शोधात पडले. आता एका जागी अडकले असल्यामुळे हा धागा काढत आहे. ज्यांना या विषयाची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

फ्रान्समध्ये १५३९ साली पहिल्या फ्रान्स्वा राजाने व्हिलेर-कोतरे येथे काढलेल्या हुकुमाने पाद्रींना बाप्तिस्म्यांची वही ठेवणे बंधनकारक झाले. १५७९ मध्ये त्यात विवाह आणि दफन यांची भर पडली. १६६७ च्या आज्ञेने प्रत्येक वहीच्या दोन प्रती ठेवायला सांगितले. एक प्रत पाद्रीकडे राहायची आणि दुसरी न्यायकचेरीत जमा व्हायची. या दुसऱ्या प्रतीचे महत्त्व मला फार उशिरा कळले. उंदीर, ओल, युद्ध यांत एक प्रत गेली तरी दुसरी बऱ्याचदा शिल्लक असते. राज्यक्रांतीनंतर, २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने, हे काम चर्चकडून काढून गावच्या नगरपालिकेकडे दिले गेले. जन्म, विवाह आणि मृत्यूच्या त्या नोंदींना इथे 'एता-सिव्हिल' म्हणतात.

या वह्यांची छायाचित्रे आज प्रत्येक देपार्तमाँच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पाहता येतात आणि बहुतेक ठिकाणी त्याला पैसे पडत नाहीत. मात्र एक गैरसमज आधीच दूर करते, कारण माझे पहिले दोन महिने त्यातच गेले. नाव टाकले की घराणे समोर येईल, अशी देशभराची एकच सरकारी शोधपेटी अस्तित्वात नाही. गाव माहीत असावे लागते. मग त्या गावाची वही उघडायची आणि पान उलटत जायचे. १८०२ पासून दर दहा वर्षांची वर्णानुक्रमे सूची केलेली असते, तिने बरेच श्रम वाचतात. गावच माहीत नसेल तर जेनेआनेट, फिलाए, फॅमिलीसर्च यांसारख्या वंशावळीच्या संकेतस्थळांवर लोकांनी केलेल्या नावनिहाय सूच्या पाहाव्यात. आडनावांचा भौगोलिक नकाशाही मिळतो. १८९१ नंतरच्या जन्मांवरून कोणते आडनाव कोणत्या जिल्ह्यात दाट आहे ते त्यात दिसते.

गोपनीयतेचा नियम असा की जन्म आणि विवाहाच्या नोंदी ७५ वर्षांनी खुल्या होतात, तर मृत्यूच्या २५ वर्षांनी. त्यामुळे आरंभ मात्र घरातूनच करावा लागतो. १८७७ पासून विवाहाच्या वेळी जोडप्याला एक कुटुंबपुस्तिका देण्याची पद्धत पडली. सासूबाईंच्या कपाटात अशा तीन पुस्तिका टेबलक्लॉथच्या खाली सापडल्या. त्यांच्या आधारे सासऱ्यांचे वडील (१९२१) आणि आजोबा (१८९२) एका संध्याकाळी हाती लागले. १८९७ च्या कायद्यामुळे जन्मनोंदीच्या समासात विवाहाची तारीख आणि गाव लिहिलेले असते. म्हणजे एका कागदावरून पुढच्या कागदाचा पत्ता आपोआप मिळतो.

आणखी एक गोष्ट, जी मराठी माणसाला विशेष जाणवेल. फ्रेंच नोंदीत बाई जन्मापासून मरेपर्यंत स्वतःच्या माहेरच्या आडनावानेच लिहिली जाते. चार मुलांची आई होऊन ऐंशीव्या वर्षी वारली तरी मृत्युनोंदीत आधी माहेरचे नाव येते आणि मग 'अमक्याची विधवा'. आमच्या कुलवृत्तांतात माझ्या पणजीचे नाव 'सौ. लक्ष्मी' एवढेच आहे. तिचे माहेरचे नाव काय होते हे आज कोणीही सांगू शकत नाही. तिकडे मात्र नवऱ्याच्या घराण्यातील १७४० च्या सुमारास जन्मलेल्या एका शेतमजूर बाईचे आईवडील मला पंधरा मिनिटांत सापडले.

आता माझी अडचण. सासऱ्यांचे पणजोबा १८६१ साली पॅरिसमध्ये जन्मले. त्यांच्या १८९० च्या विवाहनोंदीत वडील 'गेल्या वर्षी याच वस्तीत मृत' असे लिहिले आहे. त्यावरून वडिलांची मृत्युनोंद मिळाली. फेब्रुवारी १८८९, पॅरिसचा तेरावा विभाग, नाव लेओनार, धंदा गवंडीकाम, वय ५८, जन्म क्रझ जिल्ह्यातील एका लहान गावी. आईवडिलांच्या नावांची जागा मोकळी आहे. साक्षीदार म्हणून आलेल्या दोन शेजाऱ्यांना ती ठाऊक नव्हती. क्रझच्या त्या गावाची वही उघडली, तर त्याच नावा-आडनावाचे दोन लेओनार निघाले. एक मार्च १८२९ चा आणि दुसरा नोव्हेंबर १८३१ चा, दोघांचे आईवडील वेगळे. फेब्रुवारी १८८९ मध्ये एक ५९ वर्षांचा होता आणि दुसरा ५७ चा. नोंद म्हणते ५८!

त्यांचा विवाह पॅरिसमध्येच १८६१ च्या आधी झाला असावा. त्या काळातील पॅरिसच्या नोंदी जळाल्या आहेत. दरम्यान जेनेआनेटवर एका गृहस्थांनी आमच्या लेओनारला १८२९ च्या आईवडिलांशी जोडून १६४० पर्यंतचे वंशाचे झाड उभे केलेले दिसले. ते उतरवून घ्यावे असा मोह होतो आहे. आपले काय मत?

जुनी_वही

ताई, मोह आवरा. मी पुण्यात पंचवीस वर्षे फ्रेंच शिकवली आणि निवृत्तीनंतर हाच छंद लावून घेतला. त्या अनुभवावरून सांगतो की अशा तयार झाडांचा उपयोग 'कुठे पाहावे' एवढ्यापुरताच करावा. एकाने अंदाजाने जोडलेली फांदी चाळीस जण उतरवून घेतात, आणि मग चाळीस ठिकाणी दिसते म्हणून ती खरी वाटू लागते. त्या गृहस्थांनी १८२९ चा मुलगा कशावरून निवडला, याचा एखादा कागद जोडला आहे का? बहुधा नसेल. वहीत तो आधी सापडला, एवढेच कारण असावे. पुढची पाने त्यांनी उलटलीच नसतील.

पॅरिसच्या आगीविषयी थोडे नेमके लिहितो. मे १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहर ताब्यात घेतलेल्या बंडखोर सरकारच्या, अखेरच्या दिवसांत नगरभवन, म्हणजे ओतेल द व्हील, आणि न्यायालयाची इमारत दोन्ही पेटवण्यात आल्या. दुर्दैव असे की एक प्रत एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे ठेवलेली होती. ज्या दुहेरी व्यवस्थेचे आपण कौतुक केलेत ती तिथे एकाच आठवड्यात व्यर्थ ठरली. सोळाव्या शतकापासून १८५९ पर्यंतच्या सुमारे ८० लाख नोंदी गेल्या. पुढे लोकांच्या घरचे दाखले, चर्चच्या वह्या आणि नोतेरांकडचे, म्हणजे दस्त करणाऱ्या अधिकाऱ्यांकडचे, दस्तऐवज गोळा करून त्यांतील साधारण एक तृतीयांश पुन्हा उभ्या करण्यात आल्या. या पुनर्रचित नोंदी पॅरिस अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. लेओनारचा विवाह त्यात नसेल, पण १८६१ च्या आधी जन्मलेल्या एखाद्या मोठ्या मुलाची नोंद असू शकते. ती मिळाली तर विवाहाच्या काळाला एक वरची मर्यादा तरी मिळेल.

त्यानंतर पॅरिस सोडून द्या आणि क्रझला परत जा. याचे कारण कायद्यात आहे. १८०४ च्या नागरी संहितेनुसार विवाहापूर्वी दोन रविवारी नगरपालिकेच्या दारावर त्याची जाहीर घोषणा करावी लागे. ही घोषणा केवळ विवाहाच्या गावी करून भागत नसे. पंचवीस वर्षांखालील मुलाला आईवडिलांच्या संमतीवाचून विवाह करता येत नव्हता, आणि अशा वेळी आईवडील राहतात त्या गावातही घोषणा सक्तीची होती. आपला लेओनार १८३१ चा असेल आणि विवाह १८५६ च्या आत झाला असेल, तर क्रझमधल्या त्या गावी घोषणेची नोंद झालेलीच असणार. ती पॅरिसच्या आगीत जळण्याचा प्रश्नच येत नाही. घोषणांची वही निराळी असते. पुष्कळ ठिकाणी ती विवाहाच्या वहीच्या मागे बांधलेली असते आणि दशवार्षिक सूचीत तिचा उल्लेख नसतो, म्हणून ती कोणी पाहत नाही.

क्रझ आणि गवंडी ही जोडी वाचून मला आश्चर्य वाटले नाही. हा जिल्हा म्हणजे गवंड्यांचे कोकण. जमीन निकस असल्यामुळे पुरुष मार्चमध्ये पायी पॅरिसला किंवा ल्योंला निघत, बांधकामे करत आणि नोव्हेंबरच्या सुमारास गावी परतत. शेत बायका पाहत. पुढे खासदार झालेले मार्तां नादो (१८१५ ते १८९८) हे असेच एक गवंडी होते. या लोकांचे कायद्याच्या दृष्टीने 'गाव' बराच काळ क्रझमध्येच राहिले, हे लक्षात ठेवा. जनगणनेतही गावी ते कुटुंबात मोजलेले आढळतात. १८३६ पासून दर पाच वर्षांच्या नावनिशीवार याद्या पाहा. दोन लेओनारांपैकी एखादा १८७० नंतरही गावातच शेती करताना दिसला, तर तो आपला नव्हे.

शंकासुर

लेख आणि प्रतिसाद दोन्ही आवडले. तरी एक शंका. एवढ्या वह्या उलटण्यापेक्षा सासऱ्यांची आणि त्या १८२९ वाल्या घराण्यातील कोणाची तरी डीएनए चाचणी केली तर प्रश्न महिनाभरात सुटणार नाही का?

रोनकाठची

शंकासुर, हाच प्रश्न मी नवऱ्याला विचारला होता. फ्रान्समध्ये वैद्यकीय, न्यायालयीन किंवा संशोधनाच्या कारणाशिवाय अशी चाचणी करून घेणे कायद्याने मना आहे, आणि त्यासाठी ३,७५० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रत्यक्षात अनेक जण परदेशातून संच मागवतात, हे खरे. परंतु सासरे निवृत्त न्यायालयीन कर्मचारी आहेत, त्यामुळे आमच्या घरात तो विषय तिथेच संपला.

मोडी_बारनिशी

मला फ्रेंच जुजबी येते, पण जुनी हस्तलिखिते वाचणे हा माझा रोजचा उद्योग असल्याने दोन शब्द लिहितो. सतराव्या शतकातील फ्रेंच वही आणि पेशवे दप्तरातील मोडी कागद यांची दुखणी सारखीच आहेत. शब्द तोडलेले नसतात, लेखक लपेटीने लिहितो आणि संक्षेप त्याच्या मर्जीने करतो. एकाच पाद्रीच्या हातच्या वीस नोंदी आधी वाचाव्यात. साचा ठरलेला असल्याने 'आज रोजी बाप्तिस्मा दिला', 'धर्मपिता अमुक' ही वाक्ये ओळखू येतात. त्यांतून त्याच्या अक्षरांचा तक्ता तयार करावा आणि मगच नावाकडे वळावे. मोडीसाठी आम्ही हेच करतो.

संक्षेपांतला एक सापळा मी स्वतः अनुभवला आहे. तारखेत '७' चा आकडा आणि पुढे 'ब्र' असे दिसले की नवखा माणूस जुलै समजतो. तो सप्टेंबर असतो, कारण 'सेप्त' म्हणजे सात. तसेच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. एका मित्राच्या घराण्यात मी या चुकीमुळे आईच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी मूल जन्माला घातले होते.

आणि कालगणना. सुहूर, फसली आणि शक यांची इसवी सनाशी सांगड घालून ज्यांनी डोके धरले आहे, त्यांना क्रांतीची दिनदर्शिका घरच्यासारखी वाटेल. तिचे पहिले वर्ष २२ सप्टेंबर १७९२ पासून मोजले गेले आणि १ जानेवारी १८०६ पासून ती रद्द झाली. बारा महिने तीस दिवसांचे, शेवटी पाच किंवा सहा जादा दिवस. नेपोलियनने सत्ता घेतली तो आठव्या वर्षीचा १८ ब्रूमेर म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. वर्षारंभ दर वर्षी २२ सप्टेंबरलाच येत नाही, कधी २३ ला तर कधी २४ ला येतो, म्हणून तोंडी हिशेब न करता तक्ताच पाहावा. त्याच काळातील आणखी एक गंमत अशी की सप्टेंबर १७९८ पासून सुमारे दोन वर्षे विवाह गावात न होता तालुक्याच्या मुख्य ठिकाणी, दर दहाव्या दिवशीच्या सुटीला होत. सातव्या-आठव्या वर्षीचा विवाह गावात सापडत नसेल तर तो हरवलेला नसून शेजारच्या वहीत असतो.

पोर्टलुईकर

मी मॉरिशसमधील मराठी आहे. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून करारावर आले. ती बाजू मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील स्थलांतरितांच्या नोंदवह्यांतून मला सापडली. प्रश्न आजीच्या आईचा आहे. ती क्रिओल, म्हणजे तिथल्या आफ्रिकी किंवा मिश्र वंशाच्या समाजातली, होती आणि तिचे आडनाव फ्रेंच. घरात सांगतात की तिचा मूळ पुरुष फ्रेंच अमलात जहाजावरून आला. हे कुठे तपासावे?

जुनी_वही

पोर्टलुईकर, १७७६ च्या राजाज्ञेने वसाहतींच्या नोंदींची एक जादा प्रत फ्रान्सला पाठवणे बंधनकारक झाले. म्हणजे तिथे तर तिहेरी व्यवस्था होती. त्या वह्या आज एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील सागरपार अभिलेखागारात आहेत आणि मोठा भाग ऑनलाइन आहे. मॉरिशस तेव्हा 'इल द फ्रांस' या नावाने नोंदवलेले सापडेल. पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम आणि चंद्रनगर यांच्या नोंदीही तिथेच पाहायला मिळतात. मात्र एक इशारा देतो. फ्रेंच आडनाव असणे म्हणजे फ्रेंच रक्त असणे असे नाही. गुलामांना मुक्तीच्या वेळी आडनावे देण्यात आली. शेजारच्या रेयुनियॉन बेटावर २० डिसेंबर १८४८ रोजी मुक्ती जाहीर झाली, तेव्हा हजारो माणसांना एकदम आडनावे लावली गेली. त्यामुळे आजीच्या आईपासून एकेक पायरी मागे जा. जहाजापासून पुढे येण्याचा प्रयत्न करू नका. तो मूळ पुरुष कदाचित जहाजाच्या वरच्या मजल्यावर नसेलही.

पोर्टलुईकर

शेवटचे वाक्य आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना आवडणार नाही, पण मला पटले. तिच्या मृत्युनोंदीपासून सुरुवात करतो.

पाटीलबावा

माझा विषय महादजी शिंद्यांची कवायती पलटणे. त्यामुळे या वह्यांशी माझा संबंध आडवाटेने आला. त्या पलटणींचा युरोपीय सेनापती डी बॉईन आणि त्याच्यानंतर आलेला पेरॉन, या दोघांची मुळे शोधताना एकच धडा दोनदा मिळाला. ज्या नावाने माणूस आपल्याला माहीत असतो, त्या नावाने तो जन्मलेला असेलच असे नाही. डी बॉईन १७५१ मध्ये शाँबेरीला जन्मला तेव्हा त्याच्या घराण्याचे नाव लबोर्न्य होते. पेरॉन हा सार्त जिल्ह्यातला, त्याचे मूळ आडनाव क्यूइये. फ्रेंच सैन्यात टोपणनाव घेण्याची चाल होती आणि ते पुढे आडनावासारखे चिकटत असे.

दुसरा धडा प्रदेशाचा. शाँबेरी आज फ्रान्समध्ये असले तरी १७५१ मध्ये साव्हा, म्हणजे शाँबेरीच्या भोवतालचा प्रांत, हा सार्डिनियाच्या राजाचा मुलूख होता. १७९२ ते १८१५ च्या दरम्यान तो फ्रान्सकडे आला, परत गेला आणि १८६० मध्ये कायमचा आला. परिणामी तिथे मधली काही वर्षे नगरपालिकेची वही आणि नंतर पुन्हा पाद्रीची वही असा उलटा क्रम लागतो. आल्सास प्रांत १८७१ मध्ये जर्मनीकडे गेल्याने तिथल्या १९१८ पर्यंतच्या नोंदी जर्मनमध्ये आहेत, हेही तसेच. ताईंच्या क्रझला हा ताप नाही, पण पुढे कोणाला होईल म्हणून लिहून ठेवतो.

रोनकाठची

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण तेवढे दिवस रोज रात्री मुले झोपल्यावर क्रझच्या वह्या उलटत होते.

आधी पुनर्रचित नोंदींत शोधले. जुनी वही काकांचा अंदाज खरा निघाला. १८६१ च्या मुलाच्या आधी एक मुलगी मे १८५६ मध्ये झाली होती आणि तिची जन्मनोंद वाचलेल्या तृतीयांशात होती. म्हणजे विवाह त्याच्या आधीचा. मग गावच्या विवाहवह्या उघडल्या. दशवार्षिक सूचीकडे न पाहता १८५० पासूनचे प्रत्येक वर्ष शेवटच्या पानापर्यंत पाहिले. १८५५ च्या वहीत विवाह संपल्यावर तीन कोरी पाने आहेत आणि त्यानंतर वेगळ्या शाईत घोषणा सुरू होतात. मी ती कोरी पाने याआधी दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा तिथेच खिडकी बंद केली होती.

रविवार १४ जानेवारी आणि रविवार २१ जानेवारी १८५५. 'लेओनार, गवंडी, वय २३, राहणार पॅरिस, या गावातील अमुक आणि तमुक यांचा अज्ञान मुलगा'. आईवडील १८३१ च्या मुलाचे. वधूचे नाव १८६१ च्या नोंदीतील आईच्या नावाशी अक्षरशः जुळते. २३ वर्षांच्या बाप्याला अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, म्हटलेले पाहून हसू आले, पण त्याच शब्दामुळे ही घोषणा त्या गावी लागली.

उलटतपासणीही केली. १८२९ चा लेओनार १८७२ च्या जनगणनेत गावातच बायको, तीन मुले आणि म्हाताऱ्या आईसह राहतो आहे, धंदा शेती. त्याचा मृत्यू १९०३ मध्ये त्याच वाडीत झाला. दोघे बहुधा चुलतभाऊ असावेत. लेओनार हे त्या लिमूझां भागातल्या संताचे नाव, त्यामुळे दर दुसऱ्या घरात एक सापडतो. जेनेआनेटवरील गृहस्थांना तिन्ही कागद जोडून नम्रपणे लिहिले. त्यांनी दोन दिवसांत फांदी सोडवली आणि आभार मानले. ज्या इतर लोकांनी ती उतरवून घेतली आहे त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

खरा धक्का मात्र वधूच्या बाजूने बसला. घोषणेत तिच्या नावापुढे आईवडिलांची नावे नाहीत. तिथे लिहिले आहे, 'वय २५, शिवणकाम करणारी, पॅरिसच्या अनाथालयाची मुलगी, निएव्र जिल्ह्यात वाढलेली'. मी सासूबाईंना विचारले तेव्हा त्यांनी समजावले. पॅरिसमध्ये सोडून दिलेली मुले निएव्रकडच्या मोरव्हाँच्या डोंगरी गावांत दाईंकडे वाढवायला पाठवत, कारण तिथल्या बायका पैशासाठी परकी मुले पाजत असत. ज्या आडनावामुळे माझा सगळा शोध लागला, ते आडनाव तिला कोणा कारकुनाने दिलेले असावे.

शंकासुर

ताई, अभिनंदन. आता मात्र माझी जुनी शंका पुन्हा मांडावीशी वाटते. वह्या जिथे गप्प होतात तिथे डीएनए बोलला असता.

रोनकाठची

खरे आहे, आणि या वेळी माझ्याकडे उत्तर नाही. सासऱ्यांकडे मात्र होते. त्यांना घोषणेचे छायाचित्र दाखवले तेव्हा ते बराच वेळ ते पाहत राहिले आणि म्हणाले, "तिला ज्यांनी सोडले त्यांचा शोध नको. तिला ज्यांनी वाढवले त्यांचा घे."

जुनी_वही

मग पुढची वाट स्पष्ट आहे. अनाथालयात दाखल झालेल्या मुलांच्या वह्या पॅरिस अभिलेखागारात जपलेल्या आहेत. दाखल झाल्याची तारीख, अंगावरचे कपडे, सोबत चिठ्ठी असल्यास तिचा मजकूर आणि मूल कोणत्या गावी कोणाकडे पाठवले, हे त्यांत लिहीत असत. घोषणेतील वयावरून तिचा जन्म १८२९ किंवा १८३० चा धरून पत्र पाठवा. गावाचे नाव कळले की निएव्रची १८३६ आणि १८४१ ची जनगणना पाहा. दाईच्या घरात तिचे नाव कुटुंबाच्या शेवटी, बहुधा 'अनाथालयाचे मूल' अशा शेऱ्यासह लिहिलेले असेल. त्या घरातील इतरांची नावेही उतरवून ठेवा. तिच्या पुढील आयुष्यातील कागदांवर साक्षीदार म्हणून त्यांतील कोणी सही केली आहे का, तेही पाहता येईल.

रोनकाठची

पत्र आज सकाळी पाठवले. १८५६ च्या मुलीची नोंद पुन्हा उघडून पाहिली. ती चर्चच्या बाप्तिस्म्यावरून पुनर्रचित केलेली आहे, त्यामुळे तिच्यात धर्ममातेचे नाव आहे. गावाच्या जागी 'निएव्र' एवढेच लिहिले आहे. आडनाव मात्र पूर्ण वाचता येते. उद्या त्या आडनावाचा नकाशा काढून बघते.